काच नवी, टॅग नवा, तरी दांडा वर जाईना

प्रश्न बाणेरच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: दिवाळीत नवी गाडी घेतली, वरचं मॉडेल, पुढची काच ‘ऊन परतवणारी’. शोरूमनं लावून दिलेला फास्टॅग पहिल्याच साताऱ्याच्या फेरीत वाचला गेला नाही. बँकेनं दुसरा पाठवला, तो त्यांनी पहिल्याच्या शेजारी चिकटवला. तोही वाचेना. मग बँकच बदलली आणि तिसरा आणला. आता काचेवर तीन टॅग ओळीनं बसलेत. बँक म्हणते, खातं चालू आहे, शिल्लक आहे. शोरूम म्हणतं, काचेत दोष नाही. आणि टोलनाक्यावरचा मुलगा हातातलं मशीन घेऊन पार बोनेटला टेकतो तेव्हा कुठे दांडा वर जातो. तोवर मागे हॉर्नचा ताशा. तर टॅग नेमका लावायचा कुठे?

बँक खरं बोलतेय आणि शोरूमही खरं बोलतंय, म्हणून तर तुम्ही मधल्यामध्ये लटकलात. टॅग धडधाकट आहे, काचही धडधाकट आहे, फक्त त्या दोघांचं पटत नाही. चौथा टॅग मागवू नका, एवढं आधी सांगून ठेवतो. मी बावीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवतोय. नाना पेठेत एका दुकानात हाताखाली सुरुवात केली, आता वारज्याकडे स्वतःचं वर्कशॉप आहे. फास्टॅग हा आमचा धंदा नव्हे. पण फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला आणि तेव्हापासून काच बदलून दिली की पंधरा दिवसांत फोन यायला लागले, ‘तुमच्या काचेवर टॅग वाचत नाही हो.’ दोन-चार वेळा बोलणी खाल्ल्यावर टॅग वाचणारं, हातात धरायचं एक रीडर घेतलं आणि प्रत्येक काच तपासत सुटलो.

फास्टॅगच्या आत सेल नसतो. तिळाहून लहान चिप आणि तिला जोडलेला ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा नक्षीदार अँटेना, एवढाच त्याचा संसार. नाक्यावर लेनच्या वर जो चपटा डबा टांगलेला असतो तो 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी खाली सोडतो. त्या लहरींतून मिळालेल्या ताकदीवरच चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला नंबर कळवते. म्हणजे टॅगच्या जेवणाची सगळी सोय नाक्याकडे. शिधा पोचला तर तो बोलणार, नाही पोचला तर खात्यात दहा हजार शिल्लक असली तरी गप्प. (बरेच जण मोबाईल टॅगला टेकवून तपासायला बघतात. मोबाईलचं एनएफसी, म्हणजे टेकवून वाचायची सोय, 13.56 मेगाहर्ट्झवर चालतं, त्याला फास्टॅगची भाषाच कळत नाही. मोबाईलनं वाचलं नाही म्हणून टॅग मेला असं समजू नका.)

आता काच. पुढची काच एक नसते, दोन असतात. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा चिकट पापुद्रा दाबून बसवतात, म्हणून दगड लागला तरी तुकडे अंगावर येत नाहीत, जाळी पडते. ऊन अडवायच्या काचा या सँडविचमध्येच दोन तऱ्हांनी करतात, आणि तुमचं दुखणं कोणत्या तऱ्हेत आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

पहिली तऱ्हा ऊन पिणारी. काचेत लोहाचा अंश जास्त, म्हणून ती हिरवट दिसते, किंवा मधल्या पापुद्र्यात उष्णता शोषणारे बारीक कण मिसळलेले असतात. अशी काच स्वतः तापते, पण रेडिओ लहरींना हात लावत नाही. पुण्यात धावणाऱ्या बहुतेक गाड्यांची काच या जातीची. तिच्यावर टॅग वाचत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

दुसरी तऱ्हा ऊन परतवणारी. इथे दोन काचांच्या मध्ये चांदीचे अतिशय पातळ थर चढवलेले असतात. पातळ म्हणजे किती? एकेक थर दहा-पंधरा नॅनोमीटरचा, आपल्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. मिठाईवरचा वर्ख याच्यापुढे जाडजूड. डोळ्यांना लागणारा उजेड यातून आरपार जातो, उष्णतेचे किरण परत फिरतात. पण चांदी ती चांदी, वीज वाहून नेणारी. रेडिओ लहरींना ती पत्र्यासारखीच. अशा काचेतून 20 ते 30 डेसिबलची घट सहज होते. डेसिबल शब्दानं दचकू नका, हिशोब सोपा आहे. 20 डेसिबल घट म्हणजे शंभर भागांतला एकच भाग आत पोचला. आणि ताकद शंभरपट घटली की वाचनाचं अंतर दहापट घटतं. साध्या काचेवर आठ मीटरवरून वाचला जाणारा टॅग इथे ऐंशी सेंटिमीटरवर आला. तुमच्या नाक्यावरचा तो मुलगा बोनेटला का टेकतो, त्याचं उत्तर यात आलं. त्याचा आळस नाही आणि मशीनचा दोषही नाही.

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, व्होल्वो यांच्या काही मॉडेलांत अशी काच येते, बाहेरच्या देशांत तर मधल्या किमतीच्या गाड्यांनाही मिळते. तुमची गाडी कोणती ते तुम्ही कळवलेलं नाही, आणि नावावरून मी पैज लावणारही नाही, कारण एकाच गाडीच्या खालच्या मॉडेलला साधी आणि वरच्या मॉडेलला चांदीची काच असू शकते. काचेच्या खालच्या कोपऱ्यात जो शिक्का असतो, ज्यावर आयएस 2553 हा आकडा दिसतो, त्यात ‘कोटेड’, ‘सोलर’ किंवा ‘आयआर’ असं काही असेल तर संशय घ्यायचा. नसेल तरी निर्धास्त व्हायचं नाही.

घरच्या घरी करायची खरी परीक्षा उजेडाची आहे. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी अंधाऱ्या जागी लावा. मोबाईलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, काचेच्या बाहेरून, वीतभर अंतरावर, तिरकी धरा आणि काचेत तिची प्रतिबिंबं मोजा. साध्या काचेत दोन दिसतात, एक बाहेरच्या पृष्ठभागाचं, एक आतल्या. दोन्ही पांढरी. मधल्या प्लास्टिकची आणि काचेची प्रकृती इतकी सारखी की तिथून जवळजवळ काहीच परतत नाही. पण मध्ये चांदी असेल तर या दोघांच्या मध्ये तिसरं प्रतिबिंब उगवतं आणि त्याला रंग असतो, जांभळट किंवा गुलाबीसर. एकदा दिसलं की विसरत नाही. आता बॅटरी तशीच धरून हळूहळू काचेवरून फिरवत न्या. जिथे ते रंगीत प्रतिबिंब गायब होतं आणि पुन्हा दोनच उरतात, ती तुमची जागा.

कारण काच बनवणाऱ्यांना हा घोळ ठाऊक असतो. म्हणून ते चांदी चढवताना एक चौकोन मोकळा सोडतात, किंवा नंतर तेवढी चांदी काढून टाकतात. टोलचा टॅग, पार्किंगचा टॅग, पावसाचा सेन्सर, सगळ्यांसाठी ही खिडकी. बहुतेक गाड्यांत ती आतल्या आरशाच्या मागे किंवा त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला असते, काही गाड्यांत काचेच्या वरच्या कडेला. गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात तिची आकृती असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असेल, काढा. अनुक्रमणिकेत पुढच्या काचेचं पान शोधा, ‘रेडिओ लहरी जाऊ देणारा भाग’ अशा अर्थाचं काहीतरी सापडेल. माझा अनुभव असा की दहातल्या नऊ जणांनी ते पुस्तक उघडलेलं नसतं, आणि शोरूममध्ये टॅग चिकटवणाऱ्या मुलानं तर ते पाहिलेलंही नसतं. त्याला दिवसाला सात गाड्या द्यायच्या असतात. तो आरशाच्या खाली दिसेल त्या जागी टॅग ठोकून मोकळा होतो.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. आरशाभोवती काळे ठिपके असतात ना, कडेला दाट आणि मध्ये विरळ होत जाणारे, ते पाहून लोक म्हणतात सापडली खिडकी. नेहमीच नाही. काळा रंग काचेच्या भट्टीतच भाजलेला असतो, तो गोंद आणि सेन्सर झाकायला, आणि ठिपके बहुतेक वेळा त्याची कड विरळ करायला. साध्या काचेवरही ते असतात. काही गाड्यांत मोकळ्या खिडकीवर ठिपक्यांची जाळी मुद्दाम छापतात, तेव्हा ठिपके म्हणजे खूण खरी, पण पुरावा नव्हे. पुरावा त्या तिसऱ्या प्रतिबिंबाचा.

गेल्या पावसाळ्यात सहकारनगरच्या एक काकू आल्या होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, गाडी स्वतः चालवणाऱ्या. दर महिन्याला सोलापूरला बहिणीकडे फेरी. दुखणं हुबेहूब तुमचं. म्हणाल्या, ‘दादा, चाळीस वर्षं लोकांचे पैसे मोजले मी. आता नाक्यावर सगळे माझ्याकडे बुडव्यासारखं बघतात.’ त्यांना आत बसवलं. माझ्या हाताखालच्या पोरानं चाचणीचा एक टॅग कागदी टेपनं काचेला आतून लावला, मी समोर सात पावलांवर स्टुलावर चढलो, कारण नाक्यावरचा डबा वरूनच बघतो. टॅग आरशाच्या खाली, जिथे त्यांचा मूळ टॅग होता तिथे. रीडर मुका. चार बोटं डावीकडे, मुका. खाली डॅशबोर्डजवळ, मुका. मग पोरानं आरशाच्या मागे, शेजारच्या सीटच्या बाजूला काळ्या झाकणालगत टॅग सरकवला आणि रीडर असा काही टिवटिवायला लागला की शेजारचा टायरवाला बघायला आला. तिथून दोन बोटं बाहेर सरकवला की पुन्हा शांत. सगळी खिडकी पोस्टकार्डाहून थोडी मोठी. काकूंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक टिकली लावली. ‘आता चुकायला नको,’ म्हणाल्या. मला ही युक्ती सुचली नव्हती. आता ड्रॉवरमध्ये टिकल्यांचं पाकीट ठेवतो मी, पोरं हसतात.

यातली महत्त्वाची गोष्ट कागदी टेपची आहे. फास्टॅगचा गोंद एकदाच चिकटण्यासाठी बनवलेला असतो. काढायला गेलात की आतला वर्खाचा अँटेना फाटतो, मुद्दाम तसाच केलेला असतो, म्हणजे एका गाडीचा टॅग दुसरीला लागू नये. तेव्हा मागचा कागद सोलण्याआधी, टॅग त्याच्या कागदासकट टेपनं लावून बघायचा. ज्याच्याकडे रीडर आहे असा काचवाला किंवा टॅग देणारा एजंट शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. रीडर कुठेच मिळाला नाही, तर उजेडाच्या परीक्षेत खिडकी स्वच्छ दिसली की तेवढ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तुमच्या प्रकरणात आणखी एक पेच आहे, आणि तो तुम्ही स्वतः घालून ठेवलाय. तीन टॅग! एका गाडीला एकच फास्टॅग हा नियम आहे. नवा निघाला की आधीचा बंद होतो. पण बंद झालेला टॅग रेडिओला मेलेला नसतो, त्याची चिप अजून विचारलं की नंबर सांगते. नाक्याच्या डब्यानं तुमचा चालू टॅग वाचायच्या आत बंद टॅग वाचला, तर पडद्यावर उत्तर येतं नकाराचं. शिवाय तीन अँटेना एकमेकांना खेटून बसले की एकमेकांचा सूर बिघडवतात. म्हणून आधी जुने दोन काढा. हेअर ड्रायरनं गरम करा, कोपरा सुटला की पातळ प्लास्टिकचं कार्ड खाली सरकवत न्या, उरलेला गोंद स्पिरिटनं पुसा. ब्लेड फक्त मोकळ्या काचेवर, ठिपक्यांवर किंवा काळ्या रंगावर नाही. काढलेले टॅग कात्रीनं मधोमध कापून टाका, खणात ठेवू नका.

तिसरा, म्हणजे चालू असलेला टॅग, चुकीच्या जागी चिकटलाय ना? तो वाचवता येणार नाही. ज्या बँकेनं दिला तिच्याकडूनच ‘बदली टॅग’ मागा, म्हणजे शिल्लक त्याच खात्यात राहते आणि पुन्हा सगळा कारभार करावा लागत नाही. हो, मी चौथा मागवू नका म्हणालो होतो. जागा सापडायच्या आधी मागवू नका, असं वाचा.

चिकटवताना काच आतून स्पिरिटनं पुसून कोरडी करा. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशचा तेलकट वास आणि थर काचेवर बसलेला असतो, त्यावर टॅग महिन्याभरात कोपऱ्यातून सुटतो. पावसाळ्यात एसी दहा मिनिटं चालवून दमटपणा घालवा. टॅग आडवा, पूर्ण खिडकीच्या आत. अर्धा खिडकीत, अर्धा चांदीवर असं चालत नाही. या लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर, त्यामुळे लहान भोकातून ती सुखानं शिरत नाही, आणि टॅगचं एक टोक जरी चांदीवर गेलं तरी वाचन लंगडं होतं. छताच्या पत्र्यापासून आणि आरशाच्या धातूच्या दांड्यापासून तीन-चार बोटं अंतर ठेवा. मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत जा, बुडबुडा ठेवू नका. आणि आरशामागे कॅमेरा असेल, लेन सोडली की गाडी ओरडते तो, तर त्याच्या समोरची काच मोकळी दिसते म्हणून तिथे टॅग लावायचा मोह टाळा. पावसाच्या सेन्सरसमोरही नाही.

आता लोक जे जुगाड करतात त्याबद्दल. ‘चांदी काचेच्या आत आहे तर टॅग बाहेरून चिकटवू का?’ हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि विचारणारे बहुधा इंजिनियर असतात. तर्क बरोबर वाटतो, पण चांदीचा थर बाहेरच्या पृष्ठभागापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर असतो. अँटेनाच्या पाठीला इतक्या जवळ पत्रा लावला की अँटेना आंधळा होतो. लोखंडी कपाटावर टॅग चिकटवून बघितल्यासारखंच ते. धातूवर लावायचे टॅग वेगळे येतात, मध्ये जाड अंतरपट्टी असलेले. अमेरिकेत ई-झेडपास या तिथल्या टोलटॅगवाले अशा काचांसाठी नंबरप्लेटवर लावायचा बाहेरचा टॅग देतात, तो त्याच कारणानं निराळ्या बांधणीचा असतो. आपला कारचा फास्टॅग काचेला आतून लावण्यासाठीच बेतलेला आहे. बाहेर लावाल तर वायपर, पाऊस आणि कॉलनीतली पोरं आहेतच.

दुसरा जुगाड म्हणजे दुकानांत मिळणारं पारदर्शक पाकीट, व्हॅक्यूमच्या बुचानं काचेला लावायचं, आणि तिसरा म्हणजे टॅग हातात धरून दाखवायचा. यात दोन अडचणी. एक तर तांत्रिक: टॅगचा अँटेना काचेला चिकटल्यावर सुरात यावा असा जुळवलेला असतो. काच त्याचा सूर थोडा खाली ओढते हे गृहीत धरूनच तो कापतात. हवेत लोंबकळता किंवा ओल्या तळहातात धरलेला टॅग बेसूर होतो, कधी वाचतो कधी नाही, कधी शेजारच्या लेनचा डबा वाचतो. दुसरी अडचण कायद्याची. काचेवर मुद्दाम न चिकटवलेल्या टॅगला दुप्पट टोल लावायचे आदेश राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं जुलै 2024 मध्ये दिले, आणि जुलै 2025 मध्ये असे ‘हातातले’ टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं. म्हणजे जुगाडानं आज दांडा उघडेल, उद्या टॅगच बंद.

एकदा मात्र हातात धरून बघायला हरकत नाही, निदानासाठी. रीडरसमोर तोच टॅग बाजूच्या खिडकीतून बाहेर काढून धरा. बाहेर वाचला आणि काचेमागे नाही, तर गुन्हेगार काच. बाहेरही वाचला नाही, तर टॅग किंवा खातं बघा. हे वर्कशॉपमध्ये करा, नाक्यावर रांगेत नको.

पैशांचं थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गावर वैध, चालू टॅग नसेल तर 15 नोव्हेंबर 2025 पासून रोखीनं दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट टोल लागू झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि राज्याच्या अखत्यारीतले नाके यांवर 1 एप्रिल 2025 पासून फास्टॅग सक्तीचा आहे, नाहीतर तिथेही दुप्पट. ‘मशीन वाचत नसेल तर फुकट सोडा’ असा एक नियम लोक नाक्यावर तावातावानं सांगतात. नियम 2018 चा आहे आणि राष्ट्रीय महामार्गांसाठी खरा आहे: टॅग चालू, शिल्लक पुरेशी आणि नाक्याची यंत्रणा बंद असेल, तर शून्य रुपयांची पावती देऊन सोडायचं. पण तुमच्या पुढची-मागची गाडी त्याच डब्याखालून सुरळीत जात असेल, तर यंत्रणा बंद आहे असं कुठल्या तोंडानं म्हणणार? खेड शिवापूर आणि पाटस, दोन वेगळ्या नाक्यांवर टॅग वाचला गेला नाही तर दोष आपल्या गाडीत आहे असं धरून चालावं. एकाच नाक्यावर, एकाच लेनमध्ये अडत असेल, तर राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला असेल किंवा घेणार असाल तर त्यालाही टॅग काचेवर नीट चिकटलेला लागतो. हा पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, उर्से नाक्यावर त्याच्या भरवशावर वाद घालू नका.

आणि नाक्यावरचा माणूस कायमचा नाही, हेही लक्षात घ्या. गुजरातेत चोऱ्यासीला दांडाच नसलेल्या, गाडी न थांबवता टोल कापणाऱ्या पद्धतीचं काम 2025 मध्ये दिलं गेलं. तिथे मशीन घेऊन बोनेटपाशी कोण येणार?

गाडीत खिडकीच नसेल तर काय? असं क्वचित होतं, पण बाहेरून मागवलेल्या जुन्या गाड्यांत किंवा कुठून तरी स्वस्तात आणून बसवलेल्या काचेत पाहिलंय. काही परदेशी काचांत बाष्प घालवायच्या केसासारख्या तारा असतात, त्याही त्रास देतात. मग उपाय एकच, काच बदलणं, आणि तो मी शेवटी सांगतो कारण त्यात माझा फायदा आहे. बदलायची झाली तर साधी काच घेतल्यानं टॅग वाचेल, पण उन्हात गाडी जास्त तापेल आणि आरशामागे कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागेल, त्याचा खर्च वेगळा. तुमच्या गाडीला याची गरज पडेल असं मला वाटत नाही. उद्या दगड लागून काच फुटली आणि विम्यातून बदलायची वेळ आली, तर आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, तेव्हा मूळ जातीचीच काच मागा. फुटलेल्या काचेबरोबर टॅगही जातो, काच बसवायच्या दिवशीच बदली टॅगची मागणी टाका. आणि फिटरला आधीच सांगून ठेवा, टॅगला हात लावू नकोस, जागा मी दाखवतो.

शेवटी तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय, मुलीच्या छोट्या गाडीला पुढे फिल्म लावायची आहे, तिचंही असंच होईल का. धातूचा वर्ख असलेली फिल्म असेल तर होईल. सिरॅमिक असेल तर नाही. पण पुढच्या काचेतून 70 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, बाजूच्या काचांतून 50. दुकानदार फिल्मवरचा आकडा दाखवेल, तो विचारात घेऊ नका, काच आणि फिल्म मिळून किती उजेड येतो ते मीटर लावून बघा. हिरवट काच स्वतःच 75च्या आसपास असेल, तर तिच्यावर 90ची फिल्म चढवली की 67 वर आलात. चौकात थांबवलं की हा गुणाकार मुलीला करून दाखवावा लागेल.

तुम्ही येत्या शनिवारी साताऱ्याला निघणार असाल तर शुक्रवारी रात्री पार्किंगमध्ये बॅटरी फिरवा, चौकोन सापडला की चार टिकल्या लावा आणि त्याचा एक फोटो काढून ठेवा. खेड शिवापूरला पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटून जाऊ नका, दीड-दोन गाड्यांचं अंतर सोडा, म्हणजे डब्याला कुणाचा टॅग वाचायचा याचा घोळ होणार नाही.